देहातली वीज मोजताना

घरातली वीज गेली आणि शेजारी मात्र दिवे दिसले, की आपण खणातून टेस्टर काढतो. त्याचं टोक सॉकेटच्या भोकात घालायचं, मागच्या धातूच्या टोपीवर बोट टेकवायचं आणि आतला नारिंगी दिवा पेटतो का पाहायचं. हे काम आपण शेकडो वेळा पाहिलेलं असतं, पण तो दिवा आपल्याच अंगातून जाणाऱ्या विजेवर पेटतो हे आपल्याला सहसा कुणी सांगितलेलं नसतं. सॉकेटमधून निघालेली विद्युतधारा टेस्टरमधल्या मोठ्या रोधातून आणि दिव्यातून बोटात शिरते आणि शरीरातून जमिनीकडे जाते. ती मिलिअँपिअरचाही लहानसा अंश असते, म्हणून जाणवत नाही. बोट उचललं की दिवा विझतो, कारण मंडल तुटतं. त्या क्षणापुरता माणूसच मोजयंत्राचा एक भाग झालेला असतो.

हे पुस्तक त्या बोटाच्या पलीकडे काय आहे याविषयी आहे. माणसाच्या शरीरात वीज कशी तयार होते, कशी वाहते, कुठे अडते आणि हे सगळं आपण मोजतो कसं, हा त्याचा विषय.

तीस वर्षं मी अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना वैद्यकीय उपकरणं शिकवली. पहिल्या प्रात्यक्षिकाला मी कोणतंही मोठं यंत्र बाहेर काढत नसे. प्रत्येकाला एक साधा मल्टिमीटर द्यायचा आणि सांगायचं, दोन हातांच्या चिमटीत दोन टोकं धरा आणि स्वतःचा रोध वहीत लिहा. लगेच वर्गात गलका व्हायचा, कारण आकडा थांबतच नसे. एकाचा १० लाख ओहमच्या पुढे, शेजारच्याचा ३ लाख. टोकं घट्ट दाबली की आकडा उतरायचा, बोटं ओली केली की धाडकन खाली यायचा, आणि नुसतं धरून बसलं तरी हळूहळू सरकत राहायचा. मुलं मीटर बदलून मागायची. मीटर चांगलेच असायचे.

एका वर्षी एका मुलीनं वहीत पुढचं गणित मांडलं. माझा रोध १० लाख ओहम, घरातली वीज २३० व्होल्ट, म्हणजे माझ्या अंगातून ०.२३ मिलिअँपिअर जाणार. एवढी धारा जाणवतही नाही असं तिनं वाचलं होतं. तिनं विचारलं, "मग सर, शॉकनं माणसं मरतात कशी?" गणितात एकही चूक नव्हती, तरी उत्तर जीवघेणं होतं. या पुस्तकाचं बीज त्या प्रश्नात आहे.

मीटर खोटं बोलला नव्हता. त्यानं दोन-चार व्होल्टचा दाब लावून कोरड्या बोटांमधला रोध मोजला, आणि तो जवळजवळ सगळा कातडीच्या सर्वांत वरच्या मृत थराचा होता. शरीरावर बहुतेक ठिकाणी हा थर कागदाहूनही पातळ, मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाच्या आसपास असतो. विजेला खरा अडसर तोच. त्याच्या आत सगळीकडे खारट पाणी आहे, आणि खारट पाण्यातून वीज सहज वाहते. कातडी वगळली तर एका हातापासून दुसऱ्या हातापर्यंत शरीराचा रोध अवघा ५०० ओहमच्या आसपास भरतो. कातडीची ही भिंत मोठ्या दाबापुढे टिकत नाही. ती ओली झाली की ढासळते, आणि २३० व्होल्ट लागले की कोरडी असली तरी कोसळते. म्हणून सुरक्षिततेचं गणित करताना पूर्ण शरीराचा रोध साधारण १,००० ओहम धरतात. आता भागाकार केला तर उत्तर येतं २३० मिलिअँपिअर, म्हणजे त्या मुलीच्या उत्तराच्या हजारपट.

या हजारपटीचा अर्थ आकड्यांतच पाहावा. ५० हर्ट्झची विद्युतधारा अर्धा ते एक मिलिअँपिअर असली की मुंग्या जाणवतात. १० मिलिअँपिअरच्या सुमारास हाताचे स्नायू असे आवळतात की धरलेली तार सोडवत नाही. "विजेनं ओढून धरलं" असं आपल्याकडे म्हणतात, पण धरून ठेवणारे स्नायू माणसाचे स्वतःचेच असतात. ही सोडण्याची मर्यादा कॅलिफोर्निया विद्यापीठातले चार्ल्स डालझील यांनी स्वयंसेवकांवर काळजीपूर्वक प्रयोग करून मोजली. त्याहून जास्त, काही दशक मिलिअँपिअरची धारा छातीतून काही सेकंद गेली तर हृदयाचे ठोके विस्कटतात आणि ते नुसतं थरथरत राहतं. घरातल्या आरसीसीबीवर ३० मिलिअँपिअर असं छापलेलं असतं ते याच हिशेबानं. तारेतून गेलेली आणि परत आलेली धारा यांत एवढा फरक पडला की तो पुरवठा तोडतो, कारण हरवलेली वीज कदाचित एखाद्या माणसातून जमिनीत जात असेल.

शरीराला एकच एक रोध नसतो, हे त्या प्रश्नानं मला शिकवलं. प्रत्येक आकडा कशाचं तरी उत्तर असतो. वीज कुठून कुठे पाठवली, कोणत्या दाबानं, कोणत्या वारंवारतेला, मध्ये कातडी होती की नव्हती, आणि मिळालेल्या आकड्याचं पुढे कोणत्या सूत्रानं काय केलं, हे कळल्याशिवाय त्या उत्तराला अर्थ येत नाही. मोजमाप अचूक असूनही निष्कर्ष पार चुकू शकतो. आज मनगटावरचं घड्याळ ईसीजी काढतं आणि वजनाचा काटा अंगातली चरबी सांगतो. आकडे घरोघरी पोचले आहेत, त्यांच्यामागचे प्रश्न मात्र यंत्राच्या डबीत बंद आहेत. ते उघडून दाखवावेत, या एका हेतूनं मी हे पुस्तक लिहिलं.

शरीरातली वीज मोजायच्या दोन रीती आहेत. पहिलीत आपण ऐकतो: शरीर स्वतः जी वीज निर्माण करतं ती कातडीवरून टिपतो. हृदयाचा ईसीजी आणि मेंदूचा ईईजी या जातीचे. दुसरीत आपण विचारतो: बाहेरून एक लहानशी धारा आत सोडतो आणि शरीर तिला कसं सामोरं जातं ते पाहतो. पुस्तकाचे पहिले दोन भाग याच वाटणीवर उभे आहेत.

ऐकण्याची गोष्ट बोलोन्यातून सुरू होते. लुइजी गॅल्व्हानी यांनी बेडकाचे पाय पितळी आकड्याला टांगले आणि आकडा लोखंडाला टेकला की पाय झटका देतात हे पाहिलं. १७९१ साली त्यांनी लिहिलं की ही वीज प्राण्याच्या देहातली आहे. पाव्हियाच्या अलेस्सांद्रो व्होल्टा यांना ते मान्य झालं नाही. वीज दोन वेगळ्या धातूंच्या संगतीतून येते, बेडूक फक्त ती दाखवतो, असं त्यांचं म्हणणं. गॅल्व्हानींनी मग धातू न वापरता, नुसता मज्जातंतू स्नायूला टेकवून झटका दाखवला. व्होल्टांनी बेडूक न वापरता, धातूच्या चकत्या आणि खाऱ्या पाण्यानं ओले केलेले तुकडे रचून १८०० साली पहिली बॅटरी जगापुढे ठेवली. दोघांच्याही पदरात अर्धं अर्धं सत्य पडलं.

हा वाद फक्त इतिहासातला समजू नये. ईसीजीच्या प्रत्येक इलेक्ट्रोडखाली तो आजही चालू आहे. छातीवरच्या चिकटपट्टीच्या मध्यभागी चांदीचा आणि सिल्व्हर क्लोराइडचा थर असतो आणि त्याच्याखाली जेली. धातू आणि खारट जेली जिथे भेटतात तिथे २२० मिलिव्होल्टच्या आसपास विभव तयार होतो. ही व्होल्टांची वीज. हृदयाची जी वीज टिपायची ती कातडीपर्यंत येताना जेमतेम एक मिलिव्होल्ट उरते. ही गॅल्व्हानींची. दोन्ही इलेक्ट्रोड सारखे असले तर मोठे विभव एकमेकांना छाटतात आणि लहान लाट उरते. रुग्ण हलला, पट्टी सुटत आली, जेली वाळली, की छाटणी बिघडते आणि आलेखाची रेघ वरखाली तरंगू लागते. अशा वेळी हृदय ठणठणीत असतं, बिघाड जेलीत असतो.

माणसाच्या हृदयाची वीज कातडीवरून पहिल्यांदा टिपली ती लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात ऑगस्टस वॉलर यांनी, १८८७ साली. त्यांचं साधन होतं केसासारख्या बारीक नळीतला पारा. विभव बदलला की पारा किंचित सरके आणि त्याची सावली छायाचित्राच्या काचेवर उमटे. आपला बुलडॉग जिमी याला पाय मिठाच्या पाण्यात ठेवून उभं करून त्यांनी हा प्रयोग लोकांना दाखवला, आणि त्यावरून ब्रिटिश संसदेत प्राण्यांच्या छळाविषयी प्रश्नही विचारला गेला. पारा जड आणि सुस्त असल्यामुळे हृदयाच्या चपळ लाटा त्यात बोथट होत.

लायडनच्या विलेम आइन्थोव्हेन यांना हा बोथटपणा सोसवेना. आधी त्यांनी गणितानं तो दुरुस्त केला आणि दुरुस्त लाटांना पी, क्यू, आर, एस, टी ही नावं दिली. आजही डॉक्टर तीच वापरतात. मग त्यांनी यंत्रच बदललं. एका प्रबळ विद्युतचुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये चांदीचा मुलामा दिलेला क्वार्ट्झचा तंतू ताणून बसवला. तो केसाहून कितीतरी बारीक हवा होता, म्हणून वितळलेलं क्वार्ट्झ बाणाला लावून तो बाण धनुष्यातून सोडत आणि मागे ओढला गेलेला तंतू गोळा करत. हृदयाची धारा या तंतूतून गेली की तो कणभर हले. १९०१ ते १९०३ च्या दरम्यान हे यंत्र प्रसिद्ध झालं. त्याचं वजन पावणेतीनशे किलोंच्या घरात होतं, चालवायला पाच माणसं लागत आणि तापणाऱ्या चुंबकाला पाण्यानं थंड ठेवावं लागे. रुग्ण दोन्ही हात आणि एक पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसे. रुग्णालय प्रयोगशाळेपासून दीड किलोमीटरवर होतं, म्हणून १९०५ मध्ये त्यांनी दूरध्वनीच्या तारेवरून ईसीजी आणला. १९२४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं.

आपल्या दवाखान्यांतल्या यंत्रात भांड्यांच्या जागी चिमटे आले आहेत: लाल उजव्या हाताला, पिवळा डाव्या हाताला, हिरवा डाव्या पायाला, काळा उजव्या पायाला. कागद सेकंदाला २५ मिलिमीटर सरकतो आणि एक मिलिव्होल्टला १० मिलिमीटर उंची मिळते. लहान चौकोन म्हणजे सेकंदाचा पंचविसावा भाग. आइन्थोव्हेन यांच्या त्रिकोणाचं गणित दोन हात आणि डावा पाय या तीन अवयवांतूनच येतं. त्यांतल्या दोघांमधलं विभवांतर म्हणजे एक लीड: पहिल्या आणि तिसऱ्या लीडची बेरीज दुसऱ्या लीडइतकी. आलेख खरा की खोटा हे या एका बेरजेवरूनही पडताळता येतं, पण सगळ्याच चुका तिच्यात सापडत नाहीत.

माझ्या वडिलांच्या शेवटच्या आजारपणातली गोष्ट आहे. एका रुग्णालयात रात्री घाईघाईत त्यांचा कार्डिओग्राम काढला. पहिल्या लीडमधली सगळी शिखरं उलटी, जणू हृदय उजव्या कुशीत असावं. डॉक्टर गंभीर झाले, आई माझ्या तोंडाकडे पाहू लागली. मी चादर बाजूला केली. लाल आणि पिवळा चिमटा अदलाबदल झाला होता. रात्रपाळीच्या ताईंनी मुकाट्यानं चिमटे बदलले आणि दुसरा आलेख सरळ आला. बेरजेचा नियम पहिल्या आलेखातही तंतोतंत पाळला गेला होता, कारण यंत्र बरोबर होतं. चुकला होता तो त्याला विचारलेला प्रश्न. त्या ताईंना मी दोष देत नाही, त्या सोळा तास उभ्या होत्या. पण चिमट्यांचे रंग घरातल्या एकाला तरी माहीत असावेत, हे तेव्हापासून मी ज्याला त्याला सांगत आलो आहे.

मेंदूची वीज ऐकणं याहून कठीण. ती कवटी आणि टाळू ओलांडून येते आणि काही दशक मायक्रोव्होल्टच उरते. येना इथल्या हान्स बेर्गर यांनी १९२४ मध्ये माणसाच्या मेंदूची पहिली नोंद घेतली आणि पाच वर्षं पुन्हा पुन्हा पडताळून १९२९ मध्ये ती प्रसिद्ध केली. डोळे मिटून शांत बसलं की सेकंदाला ८ ते १३ वेळा उठणारी लय त्यांना दिसली. त्यांनी तिला अल्फा हे नाव दिलं.

दुसऱ्या भागात आपण विचारू लागतो, आणि पहिला प्रश्न कातडीलाच जातो. १८८८ मध्ये फ्रान्सच्या शार्ल फेरे यांनी बाहेरून धारा सोडून दाखवलं की भावना उचंबळली की कातडीचा रोध उतरतो. कारण घाम. तळहातावर घर्मग्रंथी दाट असतात आणि त्यांचं नियंत्रण आपल्या इच्छेवर चालत नाही. यातूनच पुढे खोटं पकडण्याच्या यंत्रात कातडीची वाहकता आली. पण कातडी फक्त एवढंच सांगते की माणूस ताणात आहे. तो खोटं बोलल्यामुळे ताणात आहे, की पोलिस ठाण्यात बसवल्यामुळे, हे ती सांगू शकत नाही. या प्रश्नाची आपल्याकडे न्यायालयातही कसोटी लागली. २००८ मध्ये पुण्याच्या एका खुनाच्या खटल्यात मेंदूच्या विद्युत नोंदीवर आधारलेल्या चाचणीचा निकालपत्रात आधार घेतला गेला, तेव्हा जगभर चर्चा झाली. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या निकालात ठरवलं की पॉलिग्राफ, नार्को आणि मेंदूच्या विद्युत चाचण्या संमतीशिवाय कुणावरही लादता येणार नाहीत. आकडा आणि त्याचा अर्थ यांच्यामधली दरी मोजता आली नाही की कुणाचं स्वातंत्र्य पणाला लागू शकतं, याचं इतकं जवळचं उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

कातडीच्या आत गेलं की पेशी भेटते. प्रत्येक पेशीभोवती तेलकट पटल असतं आणि त्याच्या आत-बाहेर क्षारांचं पाणी. मज्जापेशी विश्रांतीत असताना पटलाच्या दोन बाजूंमध्ये सुमारे ७० मिलिव्होल्टचं विभवांतर असतं. हे ऐकायला किरकोळ वाटतं, पण पटलाची जाडी अवघी ७ नॅनोमीटर आहे. एका मीटरचा हिशेब लावला तर एक कोटी व्होल्ट भरतात. कोरडी हवा मीटरला तीस लाख व्होल्टनं फुटते आणि वीज कडाडते, त्याच्या तिप्पट ताण आपली प्रत्येक मज्जापेशी निमूटपणे पेलत असते. मज्जातंतूच्या आत इलेक्ट्रोड घालून हे विभवांतर कसं उलटतं ते ॲलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्स्ली यांनी १९३९ मध्ये प्लिमथला, माकूळ जातीच्या समुद्रजीवाच्या जाड मज्जातंतूवर दाखवलं.

मोजमापाच्या दृष्टीनं मला सर्वांत मोहवणारी गोष्ट मात्र त्याआधीची आहे. पाणी, तेलकट पटल, पाणी अशी रचना म्हणजे कपॅसिटर, आपण ज्याला धारित्र म्हणतो तेच. संथ वारंवारतेची धारा त्याला ओलांडत नाही, पेशींना वळसा घालून जाते. वारंवारता वाढवत नेली की ती पटलांमधून आरपार जाऊ लागते. म्हणून शरीराच्या बाबतीत नुसता रोध पुरत नाही. रोध आणि धारित्राचा अडसर मिळून जो एकत्रित विरोध होतो, त्याला संरोध म्हणतात, आणि यंत्रांवर तो इम्पिडन्स या नावानं छापलेला असतो. ह्यूगो फ्रिके यांनी १९२५ मध्ये क्लीव्हलँडला रक्तपेशींच्या द्रावणाची धारणा, म्हणजे वीज साठवण्याची क्षमता, मोजली. चौरस सेंटिमीटरला ०.८१ मायक्रोफॅरड. धारित्र जितकं पातळ तितकी त्याची धारणा मोठी, या एका नियमावरून त्यांनी पटलाची जाडी काढली: ३.३ नॅनोमीटर, आजच्या आकड्याच्या जवळजवळ निम्मी, पण त्याच घरातली. तेव्हा पटल कुणाच्याही नजरेला पडलेलं नव्हतं. त्याच वर्षी लायडनमध्ये गॉर्टर आणि ग्रेंडेल पेशींमधली चरबी पाण्यावर पसरून पटल दोन रेणूंच्या थरांचं आहे असं सांगत होते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून पटल दिसायला पुढे तीन दशकं लागली. न दिसणाऱ्या वस्तूची जाडी वीज पाठवून मोजता येते, हे मी दरवर्षी फळ्यावर मांडत असे, आणि दरवर्षी मला पहिल्यासारखाच आनंद होत असे.

संरोध मोजताना कातडीची अडचण चार इलेक्ट्रोडनी सोडवतात. दोन इलेक्ट्रोड धारा सोडतात, आणि त्यांच्या आत ठेवलेले दुसरे दोन फक्त विभवांतर पाहतात. पाहणाऱ्या जोडीतून धारा जवळजवळ वाहतच नाही, त्यामुळे तिथली कातडी आकड्यात मिसळत नाही. वर्गात थैमान घालणारा आकडा या युक्तीनं एकदम शांत होतो. ५० किलोहर्ट्झची, एक मिलिअँपिअरहून कमी धारा मनगटापासून घोट्यापर्यंत पाठवली तर प्रौढ माणसाचा आकडा ५०० ओहमच्या मागेपुढे येऊन स्थिरावतो.

व्यायामशाळेतलं चरबी सांगणारं यंत्र यावरच चालतं. पण ते चरबी मोजत नाही, हे ठासून सांगायला हवं. ते मोजतं संरोध. उंचीचा वर्ग भागिले रोध या राशीवरून शरीरातल्या पाण्याचा अंदाज, चरबीविरहित शरीरात पाणी सुमारे ७३ टक्के असतं या गृहीतावरून चरबीविरहित वजन, आणि ते एकूण वजनातून वजा करून चरबी, अशी ही उतरंड आहे. त्यात वय, लिंग, वजन यांची भर घालणारं सूत्र असतं, आणि ते सूत्र कुठल्या तरी विशिष्ट लोकांवर बसवलेलं असतं. शिवाय धड म्हणजे शरीराच्या वस्तुमानाचा साधारण निम्मा भाग, पण जाड असल्यामुळे एकूण रोधात त्याचा वाटा दहा टक्क्यांच्या आसपासच. लांब आणि बारीक हातपायच आकडा ठरवतात. नुसत्या तळपायांवर उभं करणाऱ्या काट्यात तर धारा एका पायानं चढून दुसऱ्यानं उतरते, आणि पोटाविषयी तो जे सांगतो ते बहुतांशी सूत्राचं बोलणं असतं. पाणी प्यायलं, जेवलं, व्यायाम केला, आडवं पडलं, तरी आकडा हलतो.

सूत्र कुणाचं, हा प्रश्न आपल्या लोकांसाठी विशेष जिव्हाळ्याचा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये लॅन्सेट या नियतकालिकात आपलाच फोटो छापला. दोघांचा बॉडी मास इंडेक्स २२.३, अगदी सारखा. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिक यांच्या २१.२ टक्के. ती क्ष-किरणांच्या पद्धतीनं मोजली होती. दिसायला सडपातळ आणि आतून चरबीदार, अशी ही भारतीय ठेवण. युरोपातल्या माणसांवर बसवलेलं सूत्र अशा शरीराला लावलं तर यंत्र कितीही महाग असो, उत्तर हुकण्याची शक्यता राहते. आपल्या शरीरांसाठी आपली सूत्रं हवीत. हे काम अजून पुष्कळ बाकी आहे, आणि ते करणारे तरुण हे पुस्तक वाचतील अशी मला आशा आहे.

आपल्याकडे या विषयात काहीच झालं नाही असं मात्र नाही. मुंबईत ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात हातापायांतल्या रक्तप्रवाहाचा अंदाज संरोधाच्या बारीक चढउतारांवरून घेणारी उपकरणं तयार झाली. रक्त हे स्नायू आणि चरबीपेक्षा विजेचं चांगलं वाहक. प्रत्येक ठोक्याला पायात थोडं रक्त वाढतं, संरोध कणभर उतरतो, आणि धमनी अडली असेल तर हा उतार मंदावतो. सुई न टोचता मिळणारी ही माहिती आहे. त्याच केंद्रानं मोबाइलवरून पाठवता येणारा, हातात मावेल असा ईसीजीही विकसित केला. तारेवरून हृदयाची नोंद पाठवणाऱ्या आइन्थोव्हेन यांच्या प्रयोगाशी त्याचं नातं उघड आहे.

तिसऱ्या भागात मी सुरक्षिततेकडे परत आलो आहे. मोजण्यासाठी सोडलेली धारा किती असावी, हृदयाच्या आत नळी घातलेल्या रुग्णाच्या बाबतीत १० मायक्रोअँपिअरची गळतीसुद्धा मर्यादा का मानतात, पेसमेकर असलेल्या माणसानं चरबीच्या काट्यावर का उभं राहू नये, रुग्णालयातलं अर्थिंग हे औषधाइतकंच महत्त्वाचं का, याची चर्चा तिथे आहे.

भाषेविषयी दोन शब्द. रोध, विभवांतर, विद्युतधारा, वारंवारता हे शब्द मराठी माध्यमात शिकलेल्यांना शाळेपासून ओळखीचे आहेत, म्हणून ते ठेवले. इलेक्ट्रोड, लीड, जेली, अर्थिंग हे शब्द रुग्णालयात आणि वायरमनच्या तोंडी जसे आहेत तसेच घेतले. वाचकाला पुस्तकातून उठून दवाखान्यात गेल्यावर तिथली भाषा परकी वाटू नये, एवढाच निकष लावला. गणित दहावीच्या पलीकडे नेलेलं नाही. ईसीजी काढणाऱ्या तंत्रज्ञांसाठी, परिचारिकांसाठी, आयटीआय आणि पदविकेच्या विद्यार्थ्यांसाठी, आणि आपल्या हातात आलेल्या रिपोर्टवर काय लिहिलं आहे हे जाणून घ्यायची इच्छा असलेल्या प्रत्येकासाठी हे पुस्तक आहे. ज्यांनी वर्षानुवर्षं माझ्या प्रयोगशाळेत आपली बोटं ओली-कोरडी करून आकडे लिहिले, त्या विद्यार्थ्यांचं ऋण मोठं आहे. भागाकार करून मला निरुत्तर करणाऱ्या त्या मुलीचं सर्वांत मोठं.

वाचकांना दोनच विनंत्या. यापुढे शरीराविषयीचा कोणताही आकडा समोर आला, की तो कुठून, कशानं आणि कुणाच्या सूत्रानं आला हे विचारा. डॉक्टरांना विचारा, दुकानदाराला विचारा, संकोच करू नका. आणि या पुस्तकातले प्रयोग बॅटरीवर चालणाऱ्या मीटरनंच करा, भिंतीतल्या विजेशी त्यांचा संबंध कधीही आणू नका. घराच्या बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आहे का ते आजच पाहा. नसेल, तर पुढचं पान उलटण्याआधी वायरमनला बोलावून तो बसवून घ्या.